पीळ राहिला

एका राज्यातल्या गावात, जिथल्या डोंगरांच्या पोटात पारा होता, पुरुष खाणीत उतरत आणि बायका वस्त्रांना लावायची नाजूक जाळी विणत. मांडीपुढे गोल लोड, लोडावर नमुन्याचा कागद, कागदावर टाचण्या आणि जवसाचं सूत गुंडाळलेल्या लाकडी काड्यांच्या जोड्या. सूत सुतावरून नेलं की ओलांड, सुताला सुताचा वेढा दिला की पीळ, आणि दर वेळी काड्यांचा एक ‘खट’. ओलांड, पीळ, ओलांड. खट, खट, खट. त्या गावाची एक रीत होती. लोडापुढे बसलेलीची चूक जी दाखवेल, तिला त्या घडीपासून ‘बाई’, म्हणजे शिकवणारी, म्हणायचं आणि उठून आपली जागा द्यायची, मग ती सात वर्षांची का असेना.

भानाई ही गावातली सर्वांत जुनी बाई. चाळीस वर्षांत तिला कोणी जागेवरून उठवलं नव्हतं. याचा तिला गर्व होता आणि तो ती लपवतही नसे.

राजा रत्नकेतूच्या दरबारी काळदंत नावाचा मांत्रिक होता. तो म्हणाला, “महाराज, ही विद्या म्हणजे राज्याचा खजिना. खजिना कुलपात असावा.” राजाला ते पटलं. राजेलोकांना कुलूप फार लवकर पटतं. गावातले सगळे नमुने दरबारातल्या लोखंडी पेटीत गेले आणि पेटीवर काळदंताचा शाप बसला: यापुढे जी शिकेल, तिची बोटं दगडाची होतील.

“डोकं फिरलंय यांचं,” असं म्हणून भानाईने शेजारच्या निंबीला पहिला पीळ शिकवला. निंबी वर्षभर ओट्यावर बसून नुसत्या काड्या ऐकत होती, तिला आणखी किती थांबवायचं? पीळ पुरा झाला आणि पोरीची दहाही बोटं दगडाची झाली. निंबी रडली नाही. तिने हात पदराखाली लपवले, जणू गुन्हा तिचाच होता. ते पाहून भानाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

काखेत लोड घेऊन, निंबीला दंडाला धरून ती तीन दिवस चालली आणि दरबारात उभी राहिली.

“महाराज, ही बोटं बघा. कोणत्या अपराधाची शिक्षा आहे ही?”

राजाने मांत्रिकाकडे पाहिलं. मांत्रिक म्हणाला, “तीन कामं कर. जमली तर शाप उतरेल. एक जरी हुकलं, तर तुझीही बोटं जातील आणि गावातला शेवटचा लोडही जळेल.”

“बोला.”

“वारा अडवील अशी जाळी हवी.” भानाईने ती विणली. वारा जाळीत अडकला, सेवकांनी तो उचलून कोपऱ्यात ठेवला.

“पाणी धरील अशी हवी.” तीही विणली. दोन घागरी पाणी जाळीत राहिलं, राजाचा घोडा ते प्यायला.

काळदंताचं तोंड आंबट झालं. “आता ही पोर शिकली आहे, हे सिद्ध कर. तिला शब्द सांगायचा नाही, हात लावायचा नाही, खूण करायची नाही. आणि बोटं तर तिची दगडाची!” एवढं बोलून तो खदखदा हसला.

भानाई लोडापुढे बसली. नीच माणूस! पोरीचे हात घेतो आणि वर हसतो! खट, खट, खट. खट, खट. खट, खट, खट. तिचं लक्ष काळदंताच्या दातांकडे होतं.

मान खाली घालून उभी असलेली निंबी दचकली.

“भानाई, पीळ राहिला.”

भानाईने वाकून पाहिलं. खरंच राहिला होता. चाळीस वर्षांत पहिल्यांदा! क्षणभर तिला मांत्रिकापेक्षा त्या पोरीचाच जास्त राग आला. मग ती गुडघ्यांवर हात टेकून उठली.

“बसा, बाई,” ती म्हणाली.

सिंहासनाशेजारी पिंजऱ्यात एक साळुंकी होती. शाप उच्चारला तेव्हा ती तिथेच होती. ती म्हणाली, “जी शिकेल, तिची बोटं दगड. आता शिकणारी कोण?”

दगड निंबीच्या बोटांतून उतरला आणि भानाईच्या बोटांत चढला. निंबी लोडापुढे बसली. राहिलेल्या पिळापर्यंत तिने सगळं उसवलं, पुन्हा विणायला घेतलं. पण डोळे भरून आले होते, एक ओलांड चुकली.

“बाई, ओलांड राहिली,” भानाई म्हणाली.

दगड परत निंबीकडे गेला. जागा बदलल्या. आता दोघींना युक्ती कळली होती. भानाईने मुद्दाम पीळ गाळला, निंबीने दाखवला. निंबीने ओलांड गाळली, भानाईने दाखवली. सात फेऱ्या झाल्या. बाई कोण आणि शिकणारी कोण, हे दगडाला उमगेना. शेवटी त्याला धाप लागली आणि त्याचा चुरा होऊन तो जमिनीवर सांडला.

काळदंताने नवा शाप द्यायला तोंड उघडलं, पण मंत्र आठवेना. त्याने तो कधी कोणाला शिकवला नव्हता, त्यामुळे आठवण करून देणारंही कोणी नव्हतं. मंत्र गेला तो गेलाच.

पेटीचं कुलूप आपोआप गळून पडलं. राजाने आतला एक कागद उजेडात धरला. “ही तर नुसती भोकं आहेत!”

“तेच तर!” भानाई कडाडली. “विद्या या पोरीच्या कानात होती, आणि तुम्ही भोकांना कुलूप लावून तिची बोटं गोठवलीत. लाज वाटायला हवी, महाराज!”

नमुने घरोघरी परत करण्याची आज्ञा राजाने तिथल्या तिथे दिली आणि विचारलं, “आणखी भरपाई काय हवी?”

“बसा लोडापुढे.”

राजा मुकुट काढून बसला. निंबी त्याच्या पाठीशी उभी राहिली. खट, खट, खट. खट, खट.

“महाराज,” निंबी म्हणाली, “पीळ राहिला.”

राजा उठला. त्याने जागा दिली, मान लववली आणि म्हणाला, “बाई, पुन्हा दाखवा.”