श्रेणिकचा काळबंध

मला एक सांगा मंडळी, ज्यानं माल बनवला त्यानंच तो तोलून दिला, तर भरवसा कुणावर ठेवायचा? मालावर, की तोलणाऱ्यावर?

माझं मिरजेत खेळण्यांचं दुकान. शाळा लवकर सुटली, पण गिऱ्हाइकांनी पुष्कळ शिकवलं. तरी हा प्रश्न मला उलगडला तो दुकानामागच्या खोलीत, जुलेखाआपांच्या टेबलापाशी.

दर रविवारी आपा तिथं गोष्टीचा खेळ मांडतात. गोष्ट आपा सांगणार, राक्षस आणि ड्रॅगन त्यांचे. बाकीचे कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी मांत्रिक. वार लागला की हुकला ते फासे ठरवणार. पार इचलकरंजीहून पोरं येतात. असा खेळ मांडणारी दुसरी बाई दाखवा, दुकान तुमच्या नावावर करतो!

आपांची एक रीत आहे. खेळाच्या पुस्तकात नसलेला, घरी रचलेला मंत्र चालेल. पण आधी सगळ्यांसमोर एकदा खेळून दाखवायचा.

त्या रविवारी मांत्रिक होणारा श्रेणिक चौगुले छाती काढूनच आत आला. पोरगा हुशार, आणि ते त्याला ठाऊक.

"आपा, मंत्र आणलाय. काळबंध! शत्रू जागच्या जागी थिजतो आणि मी वार करत राहतो."

"फार जड नाही ना होत?"

"तोललाय ना. टाकला की माझी निम्मी शक्ती जाते. तुमच्या ड्रॅगनशी ताडून पाहिलाय, तसूभर इकडेतिकडे नाही."

"ड्रॅगनशी?"

"मग कुणाशी?"

"ड्रॅगन माझा, बेटा. मी हवा तेवढा मोठा करीन."

"करा की! पुन्हा तोलीन."

आपा हसल्या. "खेळ."

श्रेणिकनं मंत्र टाकला. ड्रॅगन थिजला.

आपांनी हात लांब केला. वैद्य झालेल्या मुक्ताचे फासे उचलून श्रेणिकपुढे ठेवले. मग योद्धा झालेल्या इरफानचेही.

"हे कशाला?"

"त्यांना आता लागायचे नाहीत."

श्रेणिक फासे टाकत राहिला. एक वार, दुसरा, आणखी एक…

"साहेब," इरफान म्हणाला, "आम्ही तोवर चहा पिऊन येऊ?"

"पडला! ड्रॅगन पडला!" श्रेणिक ओरडला.



मुक्तानं पिशवी खांद्याला लावली. "पुढच्या रविवारी शेवटची लढाई ना, आपा? वर्षभर तिच्यासाठी बस धरून येतेय. पण आता मी नसले तरी भागेल. हा आहेच."

ती दारापर्यंत गेली.

श्रेणिकनं समोरच्या फाशांकडे पाहिलं.

"आपा, फेकून देऊ मंत्र?"

"मी असं म्हटलं?"

मग त्यानं इरफानचे फासे इरफानपुढे सरकवले. मुक्ताचे उचलून दाराशी गेला.

"काळबंध टाकला की मीही थिजणार," तो म्हणाला. "बोटही हलवायचं नाही. वार तुम्ही करायचे."

"आणि ड्रॅगनची पिल्लं तुझ्यावर तुटून पडली तर?" इरफाननं विचारलं.

"तर पडली."

मुक्तानं त्याच्याकडे बघितलं. फासे घेतले. "शहाणाच आहेस," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.

श्रेणिकची छाती परत पुढे आली. मला बरं वाटलं. ताठ मानेचं पोर वाकलेलं मला बघवत नाही.

"आपा, आता तोललाय."

"मान्य. पुढच्या रविवारी सगळ्यांच्या जखमा तूच मोजायच्या."

"मी?"

"तूच. फक्त एक विनंती आहे…" आपा म्हणाल्या. "हिशोब खरा ठेव. थिजलेल्या मांत्रिकाच्या जखमांचासुद्धा."