नऊ बुड्यांची चिंधी

फार फार जुन्या काळची ही गोष्ट. किती जुनी म्हणाल, तर ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली त्यांच्या पतवंडांची नावंसुद्धा आता कुणाला आठवत नाहीत. लहान असाल तर मांडी घालून ऐका. मोठे असाल तर जरा जास्तच लक्ष देऊन ऐका, कारण कुठे जाऊन राहायचं हे ठरवायची वेळ मोठ्यांवरच येते.

एका राज्याच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी, निळाऱ्यांचं एक गाव होतं. निळारी म्हणजे कापडाला निळीचा रंग देणारे कारागीर. त्यांचे हात कोपरापर्यंत निळे असायचे आणि लग्नाच्या हळदीतसुद्धा ते पिवळे व्हायचे नाहीत. त्या गावात निळीचे रांजण फार झाले होते आणि रंगवायला कापड थोडं उरलं होतं. म्हणून तरुण निळारी शिक्षण संपलं की मोठी नदी ओलांडून दक्षिणेला जायचे. दक्षिणेत नवी नवी शहरं उभी राहत होती. तिथे ऊन भरपूर, काम भरपूर आणि हाताला कसब असलेल्या माणसाला बोलावणं भरपूर, असं जो तो सांगायचा.

हैबती नावाचा एक तरुण निळारी असाच निघाला. सात वर्षं तो एकाच वस्तादाच्या हाताखाली शिकला होता. निघताना वस्तादांनी त्याला रिवाजाप्रमाणे दोन वस्तू दिल्या. एक कोरा पांढरा पंचा आणि एक गाडगं.

त्या गाडग्यात वस्तादांच्या रांजणातलं पाणी होतं. निळीचा रांजण म्हणजे नुसतं रंगाचं पाणी नव्हे बरं का. दह्याच्या विरजणासारखा तो जिवंत असतो. त्याला रोज ढवळावं लागतं, चिमूटभर गूळ द्यावा लागतो, आठवड्याला टाकळ्याच्या बियांचा काढा आणि नखभर चुना. हे चुकलं की तो मरतो. शिवाय रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरतात. एकदा पुरला की तो हलवायचा नसतो, आणि गाडगं प्रत्येक शिष्याला एकदाच मिळतं. म्हणजे हैबतीला शहर निवडायचं होतं ते एकदाच, आणि त्यात त्याचा सगळा जन्म आला.

वस्ताद म्हणाले, “पाणी बघ, ऊन बघ, गिऱ्हाईक बघ. आणि एक दिवस तू आजारी पडशील, तेही धरून चाल.”

“मी कशाला आजारी पडतोय?” हैबती हसून म्हणाला. सात वर्षांत त्याला साधी शिंकही आली नव्हती.

हैबती मोठा हिशेबी मुलगा. त्याने वाटेतच एक युक्ती काढली. पंच्याच्या तीन चिंध्या फाडल्या. दक्षिणेतली तीन शहरं बघायची, एकेका शहराला एक चिंधी. शहरात एक चांगली गोष्ट दिसली की चिंधीला गाडग्यात एक बुडी द्यायची. निळीत जितक्या बुड्या, तितका रंग गडद. शेवटी जी चिंधी सगळ्यांत गडद, ते शहर आपलं. निळाऱ्याशिवाय असली युक्ती कुणाला सुचणार?

पहिलं शहर उंच वेशीचं होतं. तिथले वाडे बघताना डोक्यावरचं मुंडासं मागे पडत होतं. पाणी मऊ आणि गोड होतं. हैबतीने एक बुडी दिली. सरदारांच्या घरी निळ्या शालूंना मागणी होती, दुसरी बुडी दिली. मजुरी दुप्पट मिळणार होती. संध्याकाळी चौकाचौकांत गाणं चालायचं, आणि इथे काम केलेल्या माणसाचं नाव राज्यभर होतं असं लोक सांगत होते. बुड्या वाढत गेल्या. आणखी एक गोष्ट त्याला फारच आवडली. तिथे कारागिरांची अंगणं उंच भिंतींची होती, आणि बोलावल्याशिवाय कुणी कुणाच्या अंगणात पाऊल टाकत नसे. दुसऱ्याच्या कामाचं गुपित बघणं तिथे असभ्यपणाचं मानत.

“वा! इथे कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही,” असं म्हणून हैबतीने नववी बुडी दिली. चिंधी जवळजवळ काळी झाली.

दुसरं शहर सपाटीवर होतं. जागा स्वस्त, रस्ते रुंद, व्यापार जोरात. पण तिथली जमीन म्हणजे अखंड कातळ. रांजण पुरायला खड्डा कसा घ्यायचा? हैबतीने दोन दिवस पहार चालवून बघितली, हाताला फोड आणले आणि दुसरी चिंधी अर्धवट रंगलेली तशीच कनवटीला खोचली.

तिसरं शहर नदीकाठी पसरलेलं होतं. फार मोठं नाही, फार लहानही नाही. हैबती तिथे बुरुडांच्या आळीत उतरला. चंद्राक्का नावाच्या एका बुरुडणीने त्याला ओसरी दिली. ती दिवसभर सुपं आणि टोपल्या विणायची, आणि बांबूची कांबटं काढता काढता तिचं तोंडही सुरीसारखं चालायचं.

“काय रे निळ्या हातांच्या? कुठला तू? आई आहे का? जेवलास का? गाडग्याला एवढं पोटाशी काय धरतोस, पोर आहे का तुझं?”

हैबती वैतागला. तासाभरात सगळ्या आळीला त्याचं गाव, त्याचं वय आणि त्याला वांगं आवडत नाही हे ठाऊक झालं होतं. तिथे ऊन चांगलं होतं, एक बुडी. जमीन मऊ होती, दुसरी. गिऱ्हाईक बरं होतं, भाजीपाला स्वस्त होता. झाल्या चार. पाणी मात्र जरा जड होतं, रंग एका छटेने फिका यायचा. आणि लोकांच्या चौकशांना तो काय म्हणून बुडी देणार? चिंधी आभाळी रंगाचीच राहिली.

निघायच्या सकाळी चंद्राक्काने विचारलं, “आणि वाटेत हे गाडगं फुटलं म्हणजे?”

“नाही फुटायचं.”

“अरे, विरजण कुणी एकाच घरात ठेवतं का? माझं नासलं तर मी समोरच्या कुंभारणीकडून आणते, तिचं नासलं तर ती माझ्याकडून नेते. वाटीभर इथे ठेवून जा.”

परक्या हाताने रांजण नासतो असं तरुण निळारी मानत. हैबतीलाही चंद्राक्काचं म्हणणं पटलं नव्हतं, पण ही बाई बोलून बोलून उन्हं डोक्यावर आणील अशी त्याला धास्ती पडली. त्याने तिच्या मडक्यात वाटीभर पाणी ओतलं. त्याला काय काय खायला घालायचं हे सांगितलं, घातलं नाही तर मरतं हेही सांगितलं, आणि ते सगळं तो वेशीबाहेर पडेपर्यंत विसरूनही गेला.

हैबतीने तिन्ही चिंध्या शेजारी शेजारी धरल्या. निवड काय, आंधळ्यालाही कळली असती. तो उंच वेशीच्या शहरात परतला, भिंतीआडचं एक अंगण घेतलं आणि रांजण पुरला.

खोटं कशाला बोलू, दिवस चांगले गेले. रांजणावर तांब्यासारखी चकाकणारी साय धरायची. कापड हिरवट पिवळं बाहेर यायचं आणि वाऱ्यावर धरलं की डोळ्यांदेखत निळं व्हायचं. सरदारांकडून माणसं यायची, नाव होत होतं. शेजारी भेटले की हात जोडून हसायचे आणि आपापल्या दाराआड जायचे. हैबती खूश होता, आणि त्याने खूश का असू नये?

सात महिने झाले आणि त्याला हिवतापाने गाठलं. पहिल्या दिवशी थंडी, दुसऱ्या दिवशी भ्रम. खाटेवरून त्याला अंगणातला रांजण दिसायचा. चार पावलांवर होता, पण ती चार पावलं टाकायला पायांत बळ नव्हतं. त्याने हाका मारल्या. भिंती उंच होत्या. ज्याला अर्धवट ऐकू गेलं त्याने मनाशी म्हटलं, बोलावलेलं नसताना कसं जावं? सरदाराचा माणूस येऊन दार वाजवून गेला. लोक वाईट नव्हते हो. ते त्यांच्या रीतीने चांगलंच वागत होते, आणि हीच रीत आपल्याला नववी बुडी देण्याइतकी आवडली होती, हे हैबतीला तापातही आठवत होतं.

दहाव्या दिवशी ताप उतरला. तो रांगत रांजणापाशी गेला आणि त्यात एक धागा बुडवला. धागा मळकट निघाला. वाऱ्यावर धरून तो बसून राहिला, ऊन कलेपर्यंत बसून राहिला. धागा निळा झाला नाही. सात वर्षांचं शिक्षण आणि सात महिन्यांचं नाव त्या मळक्या धाग्यात संपलं होतं. हैबती लहान मुलासारखा रडला.

आता परत जाऊन वस्तादांपुढे मान खाली घालून उभं राहायचं, एवढंच उरलं होतं. उत्तरेची वाट नदीकाठच्या शहरावरून जात होती. बुरुडांची आळी चुकवून जावं असं त्याच्या फार मनात होतं, पण त्या आळीला कोण चुकवणार?

“अगं बया! हा तर निळ्या हातांचा!” चंद्राक्का ओरडली. “असा कसा वाळलास रे? जेवलास का?”

या वेळी हैबतीला त्या प्रश्नाने वैताग आला नाही. त्याने ओसरीवर बसून सगळं सांगितलं. आळी भोवती जमलीच होती. रांजण मेल्याचं ऐकल्यावर चंद्राक्का उठली आणि चुलीमागे गेली. एका पालथ्या टोपलीखालून तिने एक मडकं काढलं आणि त्याच्यापुढे ठेवलं. वास सगळ्या ओसरीभर पसरला.

“हे काय?” हैबतीने विचारलं.

“काय म्हणजे? तूच ठेवून गेलास की. गेले आठ महिने गूळ घालतेय. सगळी आळी मला शिव्या देते वासापायी. लेकीच्या बाळंतपणाला गेले तेव्हा या कुंभारणीने सांभाळलं, नाकाला पदर लावून.”

हैबतीने कनवटीची आभाळी चिंधी काढली, तिचं एक टोक मडक्यात बुडवलं आणि वर धरलं. टोक हिरवट पिवळं होतं. आळीतली पोरं, बाया, म्हातारे, सगळे श्वास रोखून बघत राहिले. वाऱ्याची झुळूक आली आणि त्या सगळ्यांसमोर ते टोक हळूहळू गडद निळं होत गेलं.

“अक्का,” हैबती म्हणाला, “मी तर इथून गेलो होतो. परत येणार नव्हतो. मग तू हे का सांभाळलंस?”

चंद्राक्काला प्रश्नच कळला नाही. “अरे, तूच म्हणाला होतास ना, खायला घातलं नाही तर मरतं म्हणून. मग?”

हैबतीने त्याच आळीत रांजण पुरला. तिथलं पाणी जडच होतं आणि रंग एका छटेने फिकाच आला. पण त्या फिक्या निळ्या लुगड्यांना गिऱ्हाईक लाभलं, आणि पुढे लांबलांबून लोक तोच रंग मागत आले. हैबती पुन्हा दोनदा तापाने आडवा झाला. दोन्ही वेळा कुणीतरी न बोलावता आलं, बडबड करत रांजण ढवळून गेलं. म्हातारपणी त्याचे शिष्य शहर निवडायला निघत, तेव्हा तो प्रत्येकाला एकाऐवजी दोन गाडगी द्यायचा आणि म्हणायचा, “एक रांजणासाठी. दुसरं ज्याच्या हाती ठेवता येईल असं माणूस सापडेपर्यंत पहिलं पुरू नकोस.”

मुलांनो आणि मोठ्यांनो, ऐकलंत ना? गाव निवडताना तिथे आपल्याला काय काय मिळेल हे जरूर मोजावं. पण आपण अंथरुणाला खिळलो तर न बोलावता दार लोटून आत कोण येईल, हे त्याआधी पाहावं.