टापऱ्यांच्या नावानं

“म्हणजे तो निरोप तू लिहिलाच नव्हतास?”

“नाही, अक्का.”

“आणि त्या बाई तो तुझाच समजत होत्या.”

“हो.”

“मग?”

वासुदेव टापऱ्यांनी पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

कारंजा गावापासून थोडं आत, अडाण नदीच्या काठी अक्कांचा मठ आहे. तीन खोल्या, वर पत्रे, पुढं सारवलेली ओसरी. अक्का ऐंशीच्या पुढच्या. दुपारी ओसरीवर घोंगडीच्या घडीवर बसतात आणि येईल त्याचं ऐकतात. बोलतात कमी. हल्ली तर फारच कमी.

टापरे वीस वर्षांपासून येत. अकोल्याच्या एमआयडीसीत त्यांचा कारखाना. अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी पलंग आणि वॉकर करतात. पलंग असा, की घरात एकटी बाई असली तरी हँडल फिरवून माणसाला बसतं करू शकेल. माल चोख. विकणं मात्र टापऱ्यांना कधी जमलं नाही. दुकानदारासमोर उभं राहिलं की त्यांना दोन वाक्यं धड बोलता येत नसत. आपण खोटं बोलत नाही म्हणून आपला माल खपत नाही, असं ते सांगत. थोड्या अभिमानानंच सांगत.

तीन वर्षांपूर्वी कारखाना बंद पडायला आला, तेव्हा त्यांनी मार्केटिंगचं सगळं काम पुण्याच्या एका एजन्सीला देऊन टाकलं. जाहिराती, फोटो, ऑनलाइन विक्री, गिऱ्हाइकांशी बोलणं, सगळंच. एजन्सीची माणसं हुशार होती. ती म्हणाली, लोकांना कंपनीशी बोलायला आवडत नाही, माणसाशी आवडतं. तेव्हापासून प्रत्येक गिऱ्हाइकाला आठवड्याला मोबाइलवर एक निरोप जाऊ लागला. वर टापऱ्यांचा फोटो, खाली टापऱ्यांचं नाव.

टापऱ्यांनी मंजुरीच्या कागदावर सही केली आणि सुटल्यासारखं वाटून घरी जाऊन झोपले.

कारखाना वाचला. सत्तावीस माणसांचं काम वाचलं.

गेल्या महिन्यात मूर्तिजापूरहून एक बाई कारखान्यात आल्या. रत्नप्रभा भुयार. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या. नवऱ्याला पक्षाघात झाला, चौदा महिने तो टापऱ्यांच्या पलंगावर होता आणि त्या पलंगावरच गेला. मूलबाळ नाही.

“दादा, तुम्हाला एकदा पाहायचं होतं,” त्या म्हणाल्या. “दर आठवड्याला तुम्ही विचारायचे. पाठीला जखम तर नाही ना, पाय हलवून घेता ना. सख्ख्या भावानं विचारलं नाही इतकं तुम्ही विचारलं.”

टापऱ्यांनी मान हलवली. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं.

“एक विचारायचं राहिलं होतं, म्हणून आले. शेवटी डॉक्टर म्हणत होते, पुन्हा नागपूरला न्या. मी तुम्हाला लिहिलं. तुमचं उत्तर आलं, ताई, आता त्यांना हलवू नका, घरीच राहू द्या. मी नाही हलवलं. तिसऱ्या दिवशी ते गेले...”

त्यांनी पदर हातात धरला होता.

“दादा, मी बरोबर केलं ना?”

टापरे म्हणाले, “हो, ताई.”

बाईंचा चेहरा एकदम मोकळा झाला. नमस्कार करून त्या गेल्या.

टापऱ्यांनी लगेच पुण्याला फोन लावला. एजन्सीनं चौकशी केली आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितली. निरोप लिहिणाऱ्या मुलीनं ठरलेल्या मजकुराबाहेर जाऊन उत्तर दिलं होतं. औषधोपचाराविषयी काही लिहायचं नाही असा नियम होता. तिला त्याच महिन्यात काढून टाकलं होतं, आता काळजीचं कारण नाही, असं ते म्हणाले.

हे सगळं टापऱ्यांनी अक्कांना सांगितलं. सांगताना मधे दोनदा पाणी प्यायले.

“मी आजवर कुणाला फसवलं नाही,” ते म्हणाले. “हे परक्या माणसांच्या हाती दिलं आणि असं झालं. तुम्ही सांगा, मी एजन्सी बंद करतो.”

“बंद केली तर कारखाना चालेल?”

“...नाही.”

“माणसं घरी बसतील?”

“बसतील.”

“मग कशाला बंद करतो?”

टापऱ्यांना हे उत्तर अपेक्षित नव्हतं. ते जरा चिडले.

“पण माझ्या नावानं दुसऱ्यानं बोलायचं, हे बरोबर आहे का?”

अक्कांनी घोंगडीचा कोपरा सारखा केला.

“तुमचीही पत्रं शेवंताबाईच लिहितात,” टापरे बोलून गेले. शेवंताबाई अक्कांची शिष्या, मठाची कामं तीच बघते. “लोकांना वाटतं, अक्कांनी लिहिलं.”

“लिहिते ती. माझ्यापेक्षा बरं लिहिते.”

“लोक विचारत नाहीत?”

“विचारतात.”

“मग तुम्ही काय सांगता?”

अक्कांनी डोळे मिटले. झोप लागली की काय, असं टापऱ्यांना वाटलं. मग त्यांनी हात पुढं केला. टापऱ्यांनी तो धरला आणि अक्का मोठ्या कष्टानं उठल्या.

“बस तिथं.”

“कुठं?”

“माझ्या जागेवर.”

“अक्का, तिथं कसा बसू?”

“बस म्हटलं ना.”

टापरे घोंगडीवर बसले. अक्का त्यांच्या समोर खाली जमिनीवर बसल्या. गुडघे वाकेनात. एक हात भिंतीला, एक खांबाला, असं करत बसायला त्यांना बराच वेळ लागला. टापरे मदतीला उठू लागले, तेव्हा त्यांनी मानेनंच नको म्हटलं.

मग त्यांनी टापऱ्यांकडं पाहिलं. आवाज अगदी साधा होता.

“दादा, मी माझ्या माणसाला दवाखान्यात नेलं नाही. तिसऱ्या दिवशी तो गेला. मी बरोबर केलं ना?”

“हो, ताई,” टापरे म्हणाले.

“कोण म्हणतं?”

टापरे थांबले.

“दादा, मी बरोबर केलं ना?”

ओसरीवर ऊन आलं होतं. आत शेवंताबाई तांदूळ निवडत होती, तिचा सुपाचा आवाज तेवढा येत होता.

“मला...”

अक्का वाट पाहत राहिल्या.

“मला ठाऊक नाही, ताई.”

एवढं बोलून टापऱ्यांनी खाली पाहिलं.

“त्या पोरीचं नाव काय?” अक्कांनी विचारलं.

“कोणत्या?”

“जिला काढलं.”

टापऱ्यांना नाव माहीत नव्हतं. त्यांनी ते विचारलंच नव्हतं.

अक्कांनी शेवंताबाईला हाक मारली, तिच्या खांद्यावर हात ठेवून उठल्या आणि आत जाऊन आडव्या झाल्या.

नाव मिळवायला टापऱ्यांना चार दिवस लागले. एजन्सी सांगायला तयार नव्हती. शेवटी सांगितलं. जुई कोतवाल. वय चोवीस. आता शिरूरला आईवडिलांकडं होती.

टापऱ्यांचं नाव ऐकताच ती फोनवर घाबरली.

“सर, तुम्ही केस करणार आहात का?”

“नाही बेटा. मला फक्त विचारायचं होतं. तू तसं का लिहिलंस?”

पलीकडं दार लावल्याचा आवाज आला.

“त्या दिवशी दुपारभर त्यांचे निरोप येत होते, सर. काय करू, काय करू. आम्हाला एक मजकूर दिलेला असतो. कृपया आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मी तो तीनदा पाठवला. मग त्यांनी लिहिलं, दादा, ते बोलू शकत नाहीत, पण अँब्युलन्सचं नाव काढलं की एका हातानं माझा हात घट्ट धरतात, सोडतच नाहीत...”

ती थांबली.

“चौथ्यांदा तो मजकूर पाठवणं मला जमलं नाही, सर.”

“मला कळवायचं होतंस.”

“तुमचा नंबर आम्हाला दिलेला नव्हता.”

टापऱ्यांना आठवलं. नंबर देऊ नका, असं त्यांनीच एजन्सीला सांगितलं होतं. त्या फोनाफोनीचाच तर त्यांना कंटाळा आला होता.

त्या रविवारी सकाळी ते मूर्तिजापूरला गेले. रत्नप्रभाताईंचं घर स्टेशनच्या मागं होतं. पलंग अजून पुढच्या खोलीतच होता, वर स्वच्छ चादर घातलेली. ताईंनी कौतुकानं शेजारणीला हाक मारायला तोंड उघडलं. टापऱ्यांनी हात जोडून त्यांना थांबवलं.

मग बसून सगळं सांगितलं. निरोप आपण लिहिले नाहीत. एकही नाही. तुमचं नावसुद्धा मला तुम्ही कारखान्यात आलात तेव्हा कळलं. तो शेवटचा निरोप एका मुलीनं लिहिला, आणि तो लिहिला म्हणून तिची नोकरी गेली.

ताईंनी मधे एकदाही अडवलं नाही.

टापऱ्यांचं बोलणं संपलं, तेव्हा त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. टापऱ्यांना वाटलं, आता बाहेर येणार नाहीत. पण आल्या. हातात चहाचा एकच कप होता. तो त्यांनी टापऱ्यांसमोर ठेवला.

“ती पोर त्या दिवशी दुपारभर माझ्याबरोबर होती म्हणायची,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“तिचा नंबर द्या.”

टापऱ्यांनी लिहून दिला. ताईंनी कागद वाचला, घडी केली, चष्म्याच्या डबीत ठेवला.

“कुणाच्या नावानं कुणी लिहिलं, याचं मला काही वाटत नाही, टापरेसाहेब. शाळेत हेडबाईंच्या नावानं सगळी पत्रं मीच लिहायची.” दादा म्हणायचं त्यांनी सोडलं होतं. “पण मी समोर येऊन विचारलं, तेव्हा बरोबर केलं असं पोरीनं सांगितलं नाही. तुम्ही सांगितलं. तुम्ही हो का म्हणालात?”

टापऱ्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

“मला बरं वाटावं म्हणून?”

“...नाही. तुम्ही लवकर जावं म्हणून.”

ताईंनी मान हलवली. चिडल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्या पलंगाकडं पाहत राहिल्या. चहा थंड झाला. टापरे उठले, तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

दोन महिन्यांनी टापरे पुन्हा मठात आले. दिवाळी होऊन गेली होती. अक्का आणखी वाळल्या होत्या. ओसरीवर बसत नव्हत्या. आतल्या खोलीत खाटेवर होत्या. शेवंताबाईनं टापऱ्यांना आत सोडलं आणि फार बोलायला लावू नका म्हणून बजावलं.

टापरे खाटेपाशी खाली बसले.

“एजन्सी चालू ठेवली, अक्का,” ते म्हणाले. “पण आता जो लिहितो त्याचंच नाव खाली असतं. माझा फोटो काढून टाकला. ते म्हणाले विक्री उतरेल. थोडी उतरली. चालतंय.”

अक्का ऐकत होत्या.

“ज्याला माझ्याशी बोलायचं असेल, त्याला माझा नंबर मिळतो. दिवसाला सात-आठ फोन येतात. काही लोक भांडतात. काही नुसते रडतात. काय बोलावं कळत नाही मला. बहुतेक वेळा मला ठाऊक नाही, एवढंच म्हणतो.”

“ती पोर?”

“तिला मी कामावर ये म्हणालो. नको म्हणाली. ती आता दुसरीकडं लागली. रत्नप्रभाताई आणि ती दर रविवारी फोनवर बोलतात. मागच्या आठवड्यात ताई शिरूरला जाऊन आल्या म्हणे. हे मला तिच्याकडूनच कळलं.”

त्यांनी अक्कांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

“ताईंनी मला माफ केलं नाही, अक्का. मी दोनदा फोन केला. नीट बोलतात, विचारपूस करतात. पण पहिल्यासारखं नाही.”

टापऱ्यांनी भिंतीला पाठ टेकवली आणि पाय लांब केले. इतक्या वर्षांत अक्कांसमोर ते कधी असे बसले नव्हते.

“पूर्वी सगळं दुसऱ्यावर सोपवलं, तेव्हा मला झोप छान लागायची,” ते म्हणाले. “आता फार थकतो. संध्याकाळी बायकोशीही बोलवत नाही. नुसता बसून राहतो.”

बाहेर कुणीतरी आलं होतं. शेवंताबाई त्याला सांगत होती, अक्कांना बरं नाही, मी सांगू का काही, पण मी आपली माझ्या मनाचं सांगेन...

टापऱ्यांनी डोळे मिटले.

“हा थकवा जाईल ना, अक्का?”

अक्कांनी खाटेवरून हात खाली सोडला. तो टापऱ्यांच्या डोक्यावर येऊन टेकला. हलका, वाळलेला हात. बराच वेळ तो तिथंच होता.

“हा थकवा तुझा आहे, वासुदेव,” अक्का म्हणाल्या. “एवढा कुणाला देऊ नको.”