अकरा नंबरचं हसू

"आणि मला ती मालिका आवडतच नसेल, तर?"

सॅम्युएल रणभिसे टेपच्या रिळावरची धूळ पुसत होते. शलाकाच्या प्रश्नाने त्यांचा हात थांबला नाही.

"कुठली?"

"'बिऱ्हाड नंबर बारा'. अख्ख्या महाराष्ट्राची लाडकी. आमच्या घरी जेवताना अजून तिचे संवाद म्हणतात. बाबा म्हणतात, तुमच्या पिढीला विनोदच कळत नाही. मला एकदाही हसू आलेलं नाही, सर. एकदाही."

सरांनी पुसलेलं रीळ डब्यात ठेवलं. दुसरं उचललं.

त्या मालिकेचा आवाज त्यांनीच जुळवला होता, चाळीस वर्षांपूर्वी. आता त्यांचे कान जात चालले होते. नगरला त्यांच्या घरामागे पत्र्याची एक खोली होती. खोलीत लाकडी कपाट, आणि कपाटात आयुष्यभर जमवलेले आवाज. स्टोव्हचे, टांग्यांचे, आता कुठेच न वाजणाऱ्या भोंग्यांचे. त्या कपाटाची किल्ली ते एकाच शिष्याला देणार होते.

शलाका दुधगावकर दोन वर्षं त्या किल्लीसाठी झटत होती. पहिले तीन महिने त्यांनी तिला काहीच शिकवलं नाही. रोज यायचं, रिकाम्या खोलीची शांतता ऐकायची, आणि कालच्यापेक्षा आजची शांतता कशी वेगळी आहे ते सांगायचं. ती चिडली, रडली, पण येत राहिली.

आता शेवटचं काम उरलं होतं. एक वाहिनी ती मालिका पुन्हा दाखवणार होती. तिच्या नवव्या भागाचा आवाज स्वच्छ करायचा. खरखर, टिकटिक, जुने डाग, सगळं काढायचं. जमलं तर किल्ली.

"काय आवडत नाही?" सरांनी विचारलं.

"विनोद. नोकर तोतरा बोलतो, हा विनोद. बायको जाडी आहे, हा विनोद. पुरुष लुगडं नेसून येतो..."

"ते डोळ्यांचं झालं. कानांचं सांग."



"हशा," ती म्हणाली. "मागून वाजणारा तो हशा. लाटणं उचललं, हशा. बशी फुटली, हशा. जिथं जगातलं कुणी हसणार नाही, तिथंही हशा. कुणी तरी आपलं डोकं धरून मान हलवतंय, असं वाटतं मला. हस. हस म्हटलं ना."

"बरोबर आहे."

ती भांडायच्या तयारीने आली होती. हे उत्तर तिला फारसं आवडलं नाही.

"तुम्हाला आवडते ती मालिका?"

"मी ती बघताना हसलेलो नाही कधी."

"मग लोकांना सांगितलं का नाहीत इतकी वर्षं?"

"कुणी विचारलं नाही." सरांनी डबा बंद केला. "काम कर, शलाका. आवडलं पाहिजे, असं मी म्हणालो नव्हतो."

चार दिवसांनी दुपारी ती लॅपटॉपवर केलेलं काम घेऊन आली. तिच्या चालण्यातच कळत होतं की काम जमलंय.

"खरखर गेली, टिकटिक गेली," ती म्हणाली. "आणि आणखी एक गोष्ट सापडली. चाळीस वर्षांत कुणाच्या लक्षात आली नसेल."

"कुठली?"

"हशात डाग आहे. सगळे हसून संपतात, आणि मग एक बाई हसते. एकटी. उशिरा. आणि मध्येच तुटते, कुणी ब्लेडने कापल्यासारखी. प्रत्येक मोठ्या हशाच्या शेवटी तीच बाई. जोडताना तुमचा हात चुकला असेल, सर. मी काढून टाकली. सोळा ठिकाणी."

 सरांनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. मग खुर्ची ओढून स्पीकरच्या जुन्या लाकडी खोक्यासमोर बसले, आणि खोक्यावर तळहात टेकवला.

"लाव."

शलाकाला हे नाटक वाटलं. तरी तिने भाग लावला.

बावीस मिनिटं म्हातारा डोळे मिटून बसला होता. बोटं पसरलेली. नोकर तोतरा बोलला, बशी फुटली, हशा झाला. जिथं जिथं ती बाई हसायची, तिथं तिथं त्यांची करंगळी किंचित उचलली जात होती... आणि खाली येत होती.

भाग संपला. सरांनी यंत्र पुन्हा कानात घातलं.

"एक राहिलाय तुझा."

"शक्य नाही. मी तीनदा तपासलं."

"घरमालक दार आपटतो. त्याच्याखाली."

शलाकाने ती जागा शोधली. दाराचा आवाज हळूहळू कमी करत नेला. आणि दाराच्या खालून, धाग्याएवढं बारीक, एक हसू वर आलं. तुटलं.

 तिचे कान तेवीस वर्षांचे होते. त्यांना जे ऐकू आलं नव्हतं, ते या माणसाने बहिऱ्या कानांनी, लाकडावर हात ठेवून...

"सर, तुम्हाला माहीत होतं."

"मीच ठेवलीय ती. प्रत्येक भागात."

सर उठले. खिशातून किल्ली काढून त्यांनी कपाट उघडलं. सगळ्यात खालच्या फळीवरून एक रीळ काढलं. डब्यावर शाईने लिहिलं होतं: बायकांचा वॉर्ड, जानेवारी.

"मालिकेला हशा पाहिजे होता," रीळ मशीनवर चढवत ते म्हणाले. "शहाण्यासुरत्या माणसांसमोर माइक ठेवला, की ती ताठ व्हायची. हसेनात. मग घाटावरच्या क्षयाच्या इस्पितळातल्या डॉक्टरांनी मला आत जाऊ दिलं."

त्यांनी बटण दाबलं.

आधी शांतता आली. मोठ्या, थंड खोलीची. शलाकाने ती लगेच ओळखली. उंच छत, लोखंडी कॉट, तीसेक माणसं. मग काहीतरी धाडकन पडलं, आणि हशा उसळला.

तोच हशा. बशी फुटल्यावरचा, लाटण्यावरचा. आयुष्यभर तिला नकोसा झालेला. पण इथं तो थांबला नाही. त्याच्या पोटातून खोकला आला. एकीचा, मग पाच-सहा जणींचा, मग साऱ्या वॉर्डाचा. खोकताखोकता पुन्हा कुणीतरी हसलं. कुणीतरी म्हणालं, "पुरे गं बायांनो, पुरे आता." कुणीतरी धापा टाकत उत्तर दिलं, "राहू द्या हो सिस्टर. किती दिवसांनी..."



"त्यांना मालिका दाखवली होती तुम्ही?"

"टीव्हीच नव्हता तिथं. मालिका तोवर चित्रितही झाली नव्हती."

"मग त्या कशावर हसत होत्या?"

"माझ्यावर. माइक तुळईला बांधायला स्टुलावर चढलो. स्टूल निसटलं. मी तुळईला लोंबकळलो. खाली येईपर्यंत हसत होत्या. मग मी मुद्दाम उशिरा खाली आलो."

"आणि खोकला?"

"तीन आठवडे कापत होतो. रिळाच्या नकलेवर. प्रत्येक खोकल्याच्या आधी ब्लेड."

रीळ फिरत होतं. हशाची दुसरी लाट आली, उतरली. सगळ्या जणी शांत झाल्या. आणि मग...

ती. एकटी. उशिरा.

"अकरा नंबरची कॉट," सर हळू म्हणाले. "तिला हसायला मनाई होती. रक्त पडायचं. सगळ्या हसत तेव्हा ती तोंडात पदर कोंबून बसायची. त्या थांबल्या, की हिचा बांध फुटायचा."

हसू वर चढत होतं. जिथं ते नेहमी तुटायचं, ती जागा आली. शलाका पुढे झुकली.

सरांनी रिळावर तळहात ठेवला. मशीन थांबलं.

"पुढे?" शलाका म्हणाली.

"पुढचं तिचं आहे."

पत्र्यावर एक कावळा येऊन बसला, उडाला. खोलीची शांतता पुन्हा जागेवर आली. आजची शांतता कालच्यापेक्षा कशी वेगळी आहे, हे शलाकाला सांगता आलं नसतं.

किती घरं, तिच्या मनात आलं. किती संध्याकाळी. ताटं वाढलेली, बाबा गुडघ्यावर थाप मारून हसतायत, आणि त्यांच्याबरोबर, जेमतेम एक क्षण मागे, अकरा नंबरची कॉट हसतेय. चाळीस वर्षं. कुणाला माहीत नाही. आणि तिने ती चार दिवसांत, डाग म्हणून...

सर तिच्याकडे बघत होते. किल्ली त्यांच्या हातात होती.

"आता आवडते मालिका?"

शलाकाने किल्लीकडे पाहिलं. काय बोललं की ती मिळेल, हे तिला ठाऊक होतं. निदान तसं वाटत होतं. दोन वर्षं त्या एका होकारापाशी येऊन उभी राहिली होती.

तोतरा नोकर तिला आठवला. जाडी बायको आठवली.

"नाही," ती म्हणाली.

सरांनी मान डोलावली. किल्ली टेबलावर ठेवली, आणि बोटाने तिच्या बाजूला सरकवली.

"सर, मी नाही म्हणाले."

"ऐकलं मी."

ती किल्लीला हात लावेना. मग एकदम तिने खुर्ची ओढली, आपलं काम पुन्हा उघडलं, आणि पहिल्या काढलेल्या जागेवर गेली. तिची बोटं नेहमीसारखी भराभर चालायला लागली.

"सोळाच्या सोळा आत्ता परत घालते," ती म्हणाली. "दहा मिनिटांत."

सर दारापर्यंत गेले होते. तिथून वळले.

"सावकाश घाल," ते म्हणाले. "तिला धाप लागते."