सुभेदाराची तसबीर

दुष्काळातलं सरकारी धान्य गिळल्यापासून चीनमधल्या वेन नावाच्या सुभेदाराला लोकांच्या शिव्याशापांनी चैन नव्हतं. चौकात टांगायला आपली झकास तसबीर हवी म्हणून त्याने चित्रकार शूलानला बोलावलं. ती दगडावर शाईची कांडी सावकाश उगाळू लागली, तसा हा येरझारा घालू लागला.

"आटप लवकर! आणि माझ्या तोंडाला काळा ठिपका जरी लागला, तरी बोटं छाटीन."

शूलानकडे रंग एकच, काळा. कागदही असा, की टेकलेली शाई लगेच पिऊन टाकणारा; पुसायची सोय नाही. तिने कुंचल्याने टोपी काढली, झगा काढला, मधली जागा कोरी सोडली आणि कुंचला धुवून ठेवला.

"माझं तोंड कुठाय?" वेन कडाडला.

"हुकूम पाळला, सरकार. तोंडाला काळं लावलं नाही. अख्ख्या सुभ्यात तुम्हाला तोंड दाखवायला आता ही एवढीच कोरी जागा उरलीय."