निर्दोष कातळ

त्र्यंबक गंगाधर टेंभेकर, वय वर्षे अडुसष्ट, यांनी यल्लप्पाबुवांना तिसऱ्यांदा विचारले, “मग आज पहार लावायची की नाही?”

बुवा ओट्यावर बसून जुनी छिन्नी दगडावर घाशीत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मठ पाथरवटांचा होता. गादीवर बसण्यापूर्वी बुवांनीही चाळीस वर्षे दगड फोडला होता. आता मठाच्याच डोंगरात, पूर्वेच्या कड्यातून आडवे आत शिरून, पाण्याचे टाके खोदायचे होते. पायथ्याच्या वस्तीला ते पावसाळ्यापूर्वी हवे होते. जागा टेंभेकरांनी निवडली होती. हणमंता आणि त्याचे चार सोबती पहारी आडव्या टाकून ओट्याखाली बसले होते. छत खचले तर ही पाच माणसे आतच गाडली जाणार, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून बुवांच्या शब्दावाचून हणमंता जागचा हलणार नव्हता.

“बुवा, या एका उत्तरासाठी मी चौदा महिने खर्चिले आहेत.”

“उत्तर देतं कोण? तुम्ही, का ती पेटी?”

“पेटी नव्हे, लॅपटॉप. आणि उत्तर तोही देत नाही. मी रचलेली लायब्ररी देते.”

“पुस्तकं हायत व्हय त्यात?” हणमंताने विचारले.

“प्रोग्रॅममधील लायब्ररी निराळी,” टेंभेकर शांतपणे म्हणाले. “माहिती कशी साठवावी आणि विचारल्यावर ती कशी शोधून द्यावी, याची एकदाच लिहून ठेवलेली रीत. मग कोणीही विचारावे.”

“ही रीत शिकवली कुणी?” बुवांनी विचारले.

“कोणीही नाही. भूमापन कार्यालयातून निवृत्त झालो, पुस्तके आणली आणि वाचली. मी गुरू केला नाही.”

“मग माझ्याकडं कशाला आलात?”

“परवानगीसाठी.”

हणमंताने तोंड फिरवून हसू लपविले. टेंभेकरांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

“सांगा,” बुवा म्हणाले. “डोंगर त्या पेटीत कसा बसवलात?”

टेंभेकर ताठ बसले.

“सबंध डोंगराचे मी घन कल्पिले. वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर उंच. अशा एका घनाला व्हॉक्सेल म्हणतात. मग जमिनीत लहरी सोडून त्यांचे परतणे टिपणारे यंत्र बसविलेला तो ओट्याशेजारचा गाडा मी एकोणीस दिवस डोंगरभर ओढला. कोणत्या घनात कातळ आहे आणि कोणत्या घनात पोकळी, हे त्यावरून कळते.”

“घन किती झाले?”

“कोट्यवधी.”

“तेवढे सगळे साठवलेत?”

“तिथेच तर माझे कसब आहे, बुवा! सगळे साठविणे हे हमालाचे काम. डोंगर बहुतांशी कातळच असतो. मग ‘कातळ, कातळ, कातळ’ असे कोटी वेळा कशाला लिहायचे? मी केवळ पोकळ्या आणि भेगा साठविल्या. विचारलेला घन साठ्यात सापडला, तर उत्तर ‘पोकळी’. सापडला नाही, तर उत्तर ‘सलग कातळ’. सबंध डोंगर एका छायाचित्राएवढ्या जागेत मावला.”

बुवांनी छिन्नी बाजूला ठेवली.

“पश्चिमेच्या पायऱ्यांखाली काय आहे?”

टेंभेकरांनी तीन आकडे भरले. पूर्वेकडून किती, उत्तरेकडून किती, खोली किती. पडद्यावर उमटले: पोकळी.

“बरोबर,” बुवा म्हणाले. “तिथं मोठी भेग आहे. पोरवयात माझा हात अडकला होता तिच्यात.”

टेंभेकरांनी पाचही पाथरवटांकडे क्रमाने पाहिले.

“आणि टाक्याची जागा?”

पुन्हा तीन आकडे. सलग कातळ. टेंभेकर आकडे बदलीत गेले. सलग कातळ. सलग कातळ.

“कड्यापासून आत साठ हात,” ते म्हणाले. त्यांचा आवाज किंचित चढला होता. “थेट समाधीच्या अंगणाखाली. एक भेग नाही, केसाएवढीसुद्धा! साऱ्या डोंगरात इतका निर्दोष कातळ दुसरा नाही. म्हणून टाके तिथेच.”

“निर्दोष...” बुवा म्हणाले.

मग त्यांनी बोट वर केले. माथ्यावर, मठाच्या कळसाहूनही उंच, एक घार पंख न हलविता फिरत होती.

“तिथलं विचारा.”

“कुठले?”

“घार आहे तिथलं.”

“बुवा, ते आकाश आहे. खोली उणे भरावी लागेल.”

“उणे भरलं तर ती नाही म्हणते?”

“नाही म्हणत नाही. कोणताही आकडा घेते.”

“मग भरा.”

टेंभेकरांनी अदमासाने आकडे भरले. खोली उणे दोनशे वीत.

पडद्यावर उमटले: सलग कातळ.

हणमंता उठून त्यांच्या खांद्यावरून डोकावला. त्याला अक्षरे लावायला थोडा वेळ लागला.

“आयला! सायेब, मग त्या घारीला आधी सुरुंग लावून बाहेर काढू का?”

पाचही जण खदखदून हसले. टेंभेकरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

“यात हसण्यासारखे काही नाही,” ते म्हणाले. “ती जागा डोंगराच्या बाहेर आहे. बाहेरचे कोणी विचारीत नसते. फार तर सीमा आखून देता येईल... सीमेबाहेर विचारले, तर उत्तर देऊ नये.”

“आखा,” बुवा म्हणाले. “अंगण सीमेच्या आत येईल की बाहेर?”

“अर्थात आत. अंगण डोंगरावरच...”

टेंभेकर थांबले.

त्यांनी समाधीच्या अंगणाकडे पाहिले. निंबाजीबुवांचे, म्हणजे यल्लप्पाबुवांच्या गुरूंचे ते अंगण. त्याच्या उंबऱ्याशी हातोडे ओळीने ठेवलेले होते. दगडावर घाव घालणारे कोणतेही हत्यार आत न्यायचे नाही, चाक न्यायचे नाही, अशी या मठाची चाल होती. टेंभेकरांनी ती काटेकोर पाळली होती. एकोणीस दिवसांत जितक्या वेळा ते गाडा ओढीत उंबऱ्याशी आले, तितक्या वेळा त्यांनी नमस्कार केला होता आणि गाडा परत फिरविला होता.

अंगणाखालचा एकही घन कोणी मोजला नव्हता.

हणमंताचे हसू ओसरले होते. त्याने पहार उचलली.

“काय मग, सायेब? शिरू का आत?”

टेंभेकरांनी लॅपटॉपकडे पाहिले. पडद्यावर अजून घारीचे उत्तर होते. चौदा महिने... ते नुसते गप्प राहिले असते, तरी पाथरवटांच्या लक्षात काही आले नसते. बुवांच्या आले असते की नाही, कोण जाणे. बुवा पुन्हा छिन्नी घासू लागले होते.

“थांब,” टेंभेकर म्हणाले.

“का?”

“तिथले मला...” टेंभेकरांनी लॅपटॉप मिटला. “तिथले मला माहीत नाही.”

कोणी हसले नाही.

“पेटीला तरी माहीत आहे का?” बुवांनी विचारले.

“नाही. तसे म्हणायला मी तिला शिकविलेच नाही.” टेंभेकर उठून उभे राहिले. गुडघा वाजला, त्यांनी लक्ष दिले नाही. “आता शिकवीन. जिथे गाडा गेला, तेवढे सगळे नोंदवीन. पुन्हा मुळापासून रचावी लागली तरी रचीन. पण बुवा, मला अंगण मोजावे लागेल. आजच. चाल मोडून. नको म्हणालात, तर टाके तिथे होणार नाही. पण विचारल्यावाचून मी येथून जाणार नाही.”

बुवांनी छिन्नी खाली ठेवली. ते ओट्यावरून उतरले, गाड्यापाशी गेले आणि त्याची दोरी स्वतःच्या हाताला गुंडाळून उंबऱ्याकडे निघाले.

हणमंता आडवा आला.

“बुवा, चाक? निंबाजीबुवांच्या छातीवर?”

बुवांनी त्याला हलकेच बाजूला केले. गाड्याचे पुढचे चाक उंबऱ्यावर चढले.

“ते खाली आहेत, असं इतकी वर्षं मीच सगळ्यांना सांगत आलोय,” बुवा म्हणाले. “खरंच आहेत का, हे विचारलं कधीच नाही.”

दुपारपर्यंत अंगणाचे मोजमाप झाले. खाली पोकळी निघाली. टाके उत्तरेच्या कड्यात खोदले गेले, आणि टेंभेकरांची लायब्ररी त्या दिवसापासून तीन उत्तरे देते: पोकळी, सलग कातळ, आणि मोजलेले नाही.