मास्तरांच्या हाताची मूठ

“...मग उघडलीच कशी ही कडी?”

अभिरामने तिसऱ्यांदा विचारलं. कडी परदेशी होती, कपाट नवंकोरं होतं. तरी गाडी पहिल्याच खड्ड्यात आदळली तसं दार उघडलं, भांडी खाली आली आणि पलंगावरून त्याचे वडीलही.

दस्तगीर उस्ताद बशीतला चहा फुंकत राहिले. मिरजेत पन्नास वर्षं ट्रकच्या बॉड्या बांधलेला माणूस.

“माझ्या डिझाइनमध्ये चूक नाही, उस्ताद. बंगले सजवलेत मी.”

“बंगला खड्ड्यातून जात नाही, बेटा.”



अभिरामच्या वडिलांनी चाळीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. कन्याकुमारी फळ्यावर काढली, पाहिली कधीच नाही. झटका आला, डावी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. परक्या लॉजात, परक्या न्हाणीघरात त्यांना उठताबसता येईना. म्हणून त्यांना कन्याकुमारी दाखवायला अभिरामने जुनी स्कूलव्हॅन घेऊन तिचं घर केलं होतं. पडल्यावर मास्तर एवढंच म्हणाले होते, “आणखी एकदा... बघू. नाही जमलं, तर... राहू दे.”

उस्तादांनी बशी ठेवली. किल्लीसाठी हात पुढे केला.

“मी चालवतो. तू मागं बस.”

“मागे?”

“मास्तरांच्या जागी. आणि डावा हात खिशात घाल.”

उस्तादांनी गाडी मुद्दाम कच्च्या रस्त्यावर घातली. अभिराम दोनदा आपटला. उठू पाहिलं, तर गुळगुळीत सनमायक्यावर धरायला काही नव्हतं. कपाळाला टेंगूळ घेऊन तो खाली उतरला.

“घरी मास्तर कशाला धरून उठतात?” उस्तादांनी विचारलं.

अभिराम आठवू लागला... आठवेना.

“जा. आठ दिवस काही बनवू नकोस. त्यांचा हात बघ.”

मनातून चडफडतच तो घरी गेला. पण हात बघू लागला.

तिसऱ्या दिवशी त्याला दिसलं. न्हाणीघराच्या दाराशी मास्तरांचा उजवा हात हवेत काहीतरी शोधायचा. तिथं पूर्वी पितळी मूठ होती. नूतनीकरणात अभिरामनेच ती काढून माळ्यावर टाकली होती.

तो माळ्यावर चढला. मूठ सापडली. जुन्या खाटेची नवार सापडली. पूर्वी मास्तरांची कंबर धरली की आई तिचा फास खाटेच्या पायथ्याशी बांधायची, ते तो ओढून उठायचे. आईच्या लुगड्यांच्या गोधड्या, सायकलच्या ट्यूबा, कुकरच्या जुन्या रिंगा... सगळं पोत्यात भरून त्याने उस्तादांच्या पुढ्यात ओतलं.

“हे भंगार आणलंय,” तो ओशाळून म्हणाला.

उस्तादांनी पितळी मूठ उचलली. एका बाजूला ती झिजून सोन्यासारखी चकाकत होती.

“भंगार...?” एवढंच म्हणून त्यांनी पेचकस त्याच्या हातात दिला.

पंधरा दिवस दोघं खपले. कपाटाच्या दारांवर ट्यूबचे पट्टे ताणले. भांड्यांखाली कुकरच्या रिंगा बसवल्या. पत्र्याला आतून गोधड्या लावल्या. पलंगाशी नवारेचा फास, खिडकीशी पितळी मूठ. तिची उंची घरच्या दारावरच्या जुन्या खुणेवरून घेतली, बोटभरही इकडेतिकडे नाही.

मग कन्याकुमारीआधी चाचणीला आंबा घाट. चालवायला अभिराम, शेजारी उस्ताद, मागे मास्तर.

उतरताना, परत चढताना वळणावर वळणं गेली. एक वाटी हलली नाही, एक दार उघडलं नाही. माथ्यावर अभिरामने गाडी थांबवली आणि मागे वळून पाहिलं.

मास्तरांनी नवार ओढली होती. ते उठून बसले. मग हात न शोधता, न चाचपडता, सरळ मुठीवर गेला... आणि ते उभे राहिले. खिडकीशी. एकटे.

खाली कोकण पसरलं होतं.

“कडवी... पूर्वेला जाते,” मास्तर म्हणाले. “काजळी... पश्चिमेला. पाऊस एकच. इथं... पाणी वाटा बदलतं.”

झटक्यानंतर इतकं सलग ते कधी बोलले नव्हते. “बाबा, बसा, मी धरतो...” म्हणत अभिराम धावला.

उस्तादांनी आडवा हात घातला.

“खाली बस, पोरा. तास सुरू झालाय.”